होळीच्या आधी फोन बदलू का?

प्रश्न: नमस्कार ताई. मी अकोल्यात एसी आणि फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. आधी एका सर्व्हिस सेंटरला होतो, तीन वर्षांपासून स्वतःचं काम आहे. माझा फोन २०२१ च्या दिवाळीत घेतलेला, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजचा. आता फार त्रास देतोय. सकाळी फुल चार्ज करून निघालो तरी दुपारी दोनपर्यंत बंद पडतो. कस्टमरने पैसे पाठवले की आले का ते बघायला ॲप उघडतो, तर चक्र फिरत राहतं आणि मी दारात ताटकळत उभा. गेल्या मे महिन्यात गाडीच्या हँडलला लावून मॅप बघत जात होतो, तर फोन तापून स्क्रीनच बंद झाली. मागच्या महिन्यात एसीच्या आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, नेमप्लेटचा फोटो धूसर आला, मॉडेल नंबर चुकीचा वाचला आणि चुकीचं पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, मागवलं. २,६०० रुपये गेले. दुकानदार म्हणतो, ३८,५०० चा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घे, १,७९९ चा हप्ता, २४ महिने, व्याज नाही. मामेभाऊ त्याचा ६४ जीबीचा आयफोन १२ बावीस हजारांत देतो म्हणतो. बायको म्हणते, बॅटरी टाका आणि दिवाळीपर्यंत चालवा. होळीनंतर माझा सीझन सुरू होतो. काय करू?
एक वाचक, अकोला

उत्तर:

भाऊ, नुसतं ‘फोन बिघडला’ न लिहिता तुम्ही कुठे कुठे अडलात ते लिहिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. अमरावतीत नवऱ्याच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर मी बारा वर्षं बसले. येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ‘हँग होतो हो’ एवढंच सांगायचा. कधी हँग होतो, काय करताना, उन्हात की घरात, हे विचारत बसावं लागायचं. तुम्हालाही तुमच्या धंद्यात हेच करावं लागत असणार. ‘एसी थंड करत नाही’ म्हणून फोन आला की तुम्ही लगेच कॉम्प्रेसर बदलायला सांगत नाही. फिल्टर बघता, कॉइल बघता. कॉम्प्रेसर नुसता गुणगुणून ट्रिप होत असेल तर आधी कपॅसिटर तपासता. दोन-चारशे रुपयांच्या कपॅसिटरने भागत असताना दहा हजारांचं काम सांगणारा मिस्त्री तुम्हाला आवडत नसेल. तुमच्या फोनकडे तसंच बघूया.

दुपारी दोनला बंद पडतो, हे बॅटरीचं दुखणं. लिथियमची बॅटरी वापराने झिजतेच. आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ॲपलने स्वतःच आकडा दिलाय: ५०० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के. एक चक्र म्हणजे शून्य ते शंभर एवढा पूर्ण वापर. तुम्ही रोज जवळजवळ एक चक्र संपवता आणि फोनला चार वर्षं होऊन गेली, म्हणजे हजाराच्या वर चक्रं झाली. त्यात विदर्भाचा उन्हाळा. तुमचा फोन अजून दोनपर्यंत चालतो याचंच मला नवल वाटलं. एक गोष्ट मात्र आजच बघा. फोन काचेवर पालथा ठेवा आणि मागचं झाकण मधोमध फुगल्यासारखं किंवा कडेने उचलल्यासारखं दिसतं का ते बघा. तसं असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायला जाऊ नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. फुगलेली बॅटरी दाबल्यावर काय होतं ते मी टेबलावर पाहिलंय. आधी गोडसर वास येतो, मग धूर, आणि त्यानंतर वाळूची बादली शोधायला फार वेळ मिळत नाही.

पैसे आलेत का ते बघताना चक्र फिरत राहतं, त्याचं कारण बहुधा भरलेलं स्टोरेज. सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. ६४ पैकी साठच्या वर गेलं असेल तर फोनला काम करायला जागाच उरलेली नाही. निदान दहा-बारा जीबी मोकळी हवी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. तिथे कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने दिसतं. मेकॅनिकांच्या ग्रुपवर येणारे कॉम्प्रेसर खोलण्याचे व्हिडिओ कामाचे असतात, मान्य आहे, पण सगळे फोनमध्ये उतरवून ठेवायची गरज नसते. ऑटो-डाउनलोड बंद करा. आणि पैसे आल्याचं कळायला फोन उघडावाच लागू नये यासाठी क्यूआरसोबत आवाज देणारा छोटा डबा मिळतो, तो पिशवीत ठेवला तर दारात ताटकळणं संपेल. महिन्याचं भाडं पडतं, तुमच्या कामाच्या मानाने ते जड नाही.

नेमप्लेटच्या फोटोबद्दल विचारते, रागावू नका. लेन्स कधी पुसलीत? कॉम्प्रेसर ऑइल लागलेल्या हाताने फोन खिशातून काढला की बोट लेन्सवरच पडतं. तेलाचा पातळ थर बसला की चाळीस हजारांचा फोनही धूसरच फोटो काढेल. दुसरं म्हणजे, जवळचा फोटो म्हणून तुम्ही ‘मॅक्रो’ वापरत असाल तर सोडून द्या. स्वस्त फोनमधला मॅक्रो बहुतेक २ मेगापिक्सेलचा, नावापुरता असतो. मुख्य कॅमेऱ्याने एक हात लांबून काढा, दुप्पट झूम करा, अक्षरावर बोट टेकवून फोकस होऊ द्या. गच्चीवर ऊन पाठीमागून येऊ द्या. आणि निघायच्या आधी फोटो मोठा करून नंबर स्वतः वाचून बघा. २,६०० रुपये या चार गोष्टींनी वाचले असते, आणि ३८,५०० च्या कॅमेऱ्याने वाचलेच असते याची खात्री मी देणार नाही.

फोन तापून स्क्रीन बंद झाली, त्यात फोनचा दोष नाही. ॲपलच्या सूचनांनुसार फोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरायचा असतो, आणि बाकीच्या कंपन्यांचे फोनही मर्यादेपलीकडे तापले की स्वतःला वाचवायला उजेड कमी करतात, चार्जिंग थांबवतात, शेवटी बंद होतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ असतं. हँडलवर, काळ्या कव्हरमध्ये, मॅप चालू आणि वर पॉवर बँक लावलेली, कोणताही फोन हेच करेल. नवा घेतलात तरी करेल. निघण्याआधी मॅप लावा, फोन पिशवीत ठेवा, एका कानात इअरफोन घालून रस्ता ऐका. दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा राहू द्या. साइटवर पोचल्यावर फोन चालू आउटडोअरच्या डोक्यावर ठेवायची सवय अनेक मिस्त्रींना असते. तुम्हाला असेल तर मोडा. आणि तापलेला फोन कस्टमरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं. अशा पाण्याने गंजलेले बोर्ड मी डझनांनी पाहिलेत.

इथपर्यंत वाचून वहिनींचं म्हणणं खरं वाटेल. बॅटरी टाकायची, जागा मोकळी करायची, लेन्स पुसायची, झालं. तुमचा फोन दोन वर्षांचा असता तर मीही एवढंच सांगून थांबले असते. बॅटरीला मॉडेलप्रमाणे हजार ते दोन हजार लागतात आणि फोन नव्यासारखा चालतो. पण आणखी एक गोष्ट आहे, जी पत्रात आली नाही, कारण ती रोजच्या वापरात अडत नाही.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात अँड्रॉइड व्हर्जन उघडा. तिथे ‘सिक्युरिटी अपडेट’ म्हणून एक तारीख दिसेल. कंपनीने शेवटचं सुरक्षेचं ठिगळ कधी लावलं, त्याची ती तारीख. २०२१ मधल्या त्या किमतीच्या बहुतेक फोनना दोन-तीन वर्षंच ही अपडेट मिळाली. तुमची तारीख २०२४ ची किंवा त्याच्याही आधीची निघेल असा माझा अंदाज आहे. त्यानंतर अँड्रॉइडमध्ये जी भोकं सापडली ती बाकीच्या फोनमध्ये बुजवली गेली, तुमच्यात उघडीच आहेत. लोक मला सांगतात, ‘ताई, व्हॉट्सॲप चालतं, बँकेचं ॲप चालतं, मग काय झालं?’ व्हॉट्सॲप तर बऱ्याच जुन्या अँड्रॉइडवरही चालतं. ॲप चालणं आणि फोन सुरक्षित असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या फोनवर तुमचं बँक खातं आहे, कस्टमरचे पत्ते आहेत, कुणाच्या घरी कधी कोण नसतं हेसुद्धा त्या चॅटमध्ये आहे. हा फोन बदलायचं माझ्या मते हे एकच पक्कं कारण. (‘वाहतूक चलान’ म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) मात्र नव्या फोनमध्येही उघडू नका. तिथे अपडेटही वाचवत नाही. चुकून उघडली आणि पैसे गेले तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.)

म्हणून माझं उत्तर असं: ती तारीख वर्षभराहून जुनी निघाली तर फोन बदला, आणि होळीच्या आधीच बदला. दिवाळीची वाट बघू नका. सणाच्या सेलमध्ये हजार-पंधराशे सुटतात हे खरं, पण मेमरी चिप महागल्यात, तेव्हा दिवाळीत भाव खाली येतीलच असं धरून चालता येणार नाही. आणि हा फोन एप्रिलमध्ये ऐन सीझनला बंद पडला तर तुमचे दोन दिवस जातील. त्या दोन दिवसांत किती कॉल सुटतात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आता कोणता.

दुकानदाराचा हप्ता आधी मोजूया. १,७९९ गुणिले २४ म्हणजे ४३,१७६. रोख भाव ३८,५००. मधले ४,६७६ रुपये व्याज नाही तर काय? वर प्रोसेसिंग फी असेल ती वेगळी. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी असतंच. कधी ते रोखीवर मिळणारी सूट बुडवून काढतात, कधी फीमध्ये घालतात. तुमचा दुकानदार तर उघड हप्त्यातच घालतोय. त्यापेक्षा मला खटकतं ते वेगळंच. २४ महिन्यांत दोन पावसाळे आणि दोन हिवाळे येतात, तेव्हा तुमच्याकडे काम कमी असतं आणि हप्ता तेवढाच असतो. अवजारासाठी कर्ज काढायचं असेल तर व्हॅक्यूम पंपासाठी काढा, तो दिवसाला पैसे मिळवून देतो. ३८,५०० च्या फोनमुळे तुमचा एकही कॉल वाढणार नाही.

मामेभावाचा आयफोन १२ चोरीचा नाही, ओळखीतला आहे, ही त्यातली चांगली बाजू. अपडेटही अजून मिळतात. आयओएस २६ आयफोन ११ पासून पुढे चालतं. पण तो फोन २०२० चा आहे, बॅटरी बदलावी लागणार, स्टोरेज पुन्हा ६४ जीबीच आणि मेमरी कार्ड घालायची सोय नाही. म्हणजे आजचं दुखणं तसंच नव्या घरात न्यायचं. शिवाय तुम्ही दिवसभर मोटरसायकलवर. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच कळवलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलवरून फोनला सतत लागली तर कॅमेऱ्याचं स्थिरीकरण आणि फोकस बिघडू शकतो. नेमप्लेटसाठी फोन घेताय आणि फोकसच गेला तर? बावीस हजारांना नाही म्हणा. मामेभाऊ रागावणार नाही.

१६ ते १९ हजारांत तुमचं काम भागतं. ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ५,००० एमएएचची बॅटरी. दुकानात ‘६ अधिक ६, बारा जीबी रॅम’ असं सांगतील. त्यातले नंतरचे सहा म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा, ती रॅममध्ये धरू नका. अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या स्वतःच्या पानावर वाचा, विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका. या किमतीच्या आसपास सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ ५जी आणि ए१७ ५जी या फोनना सहा वर्षांचा शब्द दिलेला आहे, आणि माझ्या हिशेबात ही एक गोष्ट मेगापिक्सेलच्या सगळ्या आकड्यांना भारी आहे. रेडमी नोट मालिकेतल्या बऱ्याच फोनना डोक्यावर आयआर ब्लास्टर असतो, म्हणजे कस्टमरचा रिमोट बंद असला तरी फोननेच एसी चालू करून बघता येतो. तुमच्यासारख्याला हे फार मोहाचं आहे, मला कळतं. तरी मी लांब अपडेटवाला घेईन आणि पिशवीत युनिव्हर्सल रिमोट ठेवीन. रिमोट तपासायला तर कोणत्याही फोनचा पुढचा कॅमेरा बहुधा पुरतो. रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट ठिणगी दिसली तर रिमोट चालू. तुम्हाला हे माहीत असेल, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

यादीवर न दिसणाऱ्या दोन गोष्टी दुकानातच बघा. फोन हातात घेऊन बाहेर रस्त्यावर या आणि उन्हात स्क्रीन वाचता येते का बघा. मग स्पीकर पूर्ण आवाजात लावून बघा, कारण आउटडोअर चालू असताना रिंग ऐकू यायला हवी. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघा. आणि त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर अकोल्यात आहे का ते आधी विचारा. स्क्रीन फुटली म्हणून नागपूरला जायला लागलं तर एक दिवस गेला.

आमच्या दुकानात एक विमा एजंट यायचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन पाण्यात पडला, बोर्ड पूर्ण मेला. नवा फोन त्यांनी तासाभरात घेतला. पण अकरा वर्षांचे ग्राहकांचे नंबर फोनच्याच मेमरीत होते, गूगल खात्यात एकही नव्हता. ते माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसून जुन्या डायरीतून नंबर उतरवत होते, संध्याकाळी सात वाजले तरी ‘क’ वरच होते. तो चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून नवा फोन आणायच्या आधी, आज रात्रीच, कॉन्टॅक्ट्स उघडून ते गूगल खात्यात साठतात का ते बघा. व्हॉट्सॲपचं चॅट आता क्यूआर स्कॅन करून एका फोनवरून दुसऱ्यावर सरळ नेता येतं, दोन्ही फोन शेजारी ठेवून करा. नेमप्लेटचे आणि बिलांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा.

फोन बदलायचा दिवस विचारपूर्वक निवडा. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की बऱ्याच बँका पहिले २४ तास पैसे पाठवायची मर्यादा अगदी कमी ठेवतात. त्याच दिवशी होलसेलरकडे गॅसचे सिलिंडर उचलायचे असतील तर अडाल. रविवारी संध्याकाळी बदला, सोमवारी हलकी कामं घ्या. बिल तुमच्या धंद्याच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा. फोनच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो, उद्या तुम्ही जीएसटीची नोंदणी केलीत तर पुढच्या खरेदीला ही सवय उपयोगी पडेल, आणि खर्च म्हणून दाखवायलाही बिल लागतंच. पॅक फोडण्याआधी खोक्यावरचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून, १४४२२ ला मेसेज करा. नंबर खरा आहे का ते कळतं. जुना घेणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

राहिला जुना. एक्स्चेंजमध्ये त्याचे फार तर हजार-दीड हजार मिळतील. देऊ नका. त्यातून बँकेची सगळी ॲप आणि यूपीआय काढून टाका, व्हॉट्सॲप रिकामं करा, वहिनी म्हणतात तशी बॅटरी टाकून घ्या आणि फोन हत्यारांच्या पिशवीत सुती कापडात गुंडाळून ठेवा. नवा फोन गच्चीवरून पडला तर सिम काढून यात घालायचं, कॉल घ्यायचे, दिवस निभावून न्यायचा. निदान जूनपर्यंत तो मुलांच्या हातात गेम खेळायला जाऊ देऊ नका.